कॉम्प्युटरची लाल-काळी खोळ

बटण दाबल्यापासून दुफियेचा कॉम्प्युटर कामाला लागेपर्यंत अकरा मिनिटं जात. हा आकडा तिने भिंतीवरच्या घड्याळावर सलग आठ दिवस मोजून काढला होता. तेवढ्या वेळात ती आपल्या वाट्याचं अंगण झाडून घेई, बाजरीची पेज चुलीवरून उतरवी, आणि तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असे. अंगणापलीकडच्या खोलीत अन्साच्या कॉम्प्युटरला दहा सेकंद लागत. हा आकडाही दुफियेनेच काढलेला. अन्सा खोलीचं दार उघडी, पडदा सारी, आणि लगेच तिच्या यंत्राचा सुरू झाल्याचा सूर खिडकीतून बाहेर येई. तो ऐकला की दुफियेच्या हातातला झाडू जरा जोरात फिरे.

याआ दुफिये, वय छप्पन्न. कुमासी शहराच्या ओल्ड ताफो भागात सात खोल्या आणि एक अंगण असलेल्या घरात राहते. एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत तिने एकोणीस वर्षं टायपिंग केलं. कचेरी बंद पडली तेव्हा टायपिंग सोडून दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तिने श्रद्धांजलीच्या पुस्तिका करायला घेतल्या. कुमासीत शनिवार म्हणजे अंत्यविधीचा वार. मंडप, खुर्च्या, लाल-काळे कपडे आणि प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका. मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो, आत त्याची जीवनकथा, भजनांचे क्रम, मग मुलांची श्रद्धांजली, भाच्यांची, चर्चची, नातवंडांची. शेवटच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ : मांडणी – याआ दुफिये, ओल्ड ताफो.

त्या एका ओळीसाठी ती स्वल्पविरामांवरून लोकांशी भांडत असे.

कॉम्प्युटर तिने चौदा वर्षांपूर्वी अडुमच्या बाजारातून आणला. परदेशातून कंटेनरमध्ये भरून आलेला, आधी कुठल्यातरी शाळेने वापरलेला. त्या शाळेची चिठ्ठी अजून डब्याच्या कडेला चिकटलेली होती. चौदा वर्षांत त्याच्या पोटात अकराशेच्या वर मेलेली माणसं जमा झाली. दुफियेने एकालाही पुसलं नव्हतं. नवरा जातो, आठ वर्षांनी बायको जाते, तेव्हा लग्नातला फोटो कोणाकडेच सापडत नाही. मग माणसं दुफियेकडे येतात, आणि ती म्हणते, "बसा. यंत्र उठतंय."

माणसं बसत. पूर्वी.

अन्सा दोन वर्षांपूर्वी समोरची खोली भाड्याने घेऊन आली. वय एकोणतीस, हॅम्बुर्गमध्ये भाऊ, आणि त्या भावाने पाठवलेला चपटा काळा डबा, मोठा पडदा. सुरुवातीला ती लग्नाच्या पत्रिका करी. मग एका म्हातारीची पुस्तिका केली, मग दुसरीची. लोक तिच्याकडे जाऊन बसत आणि "हा फोटो जरा मोठा" म्हणेपर्यंत फोटो मोठा झालेला असे. गेल्या सहा महिन्यांत दुफियेच्या चर्चमधली नऊ माणसं गेली. त्यांतली पाच समोरच्या खोलीत गेली.

अन्साने केलेली प्रत्येक पुस्तिका दुफिये मंडपात बसून शेवटपर्यंत वाचे. एकीत भजनाचा क्रमांक चुकला होता. एकीत मृताच्या डोक्यामागे सूर्यकिरण सोडले होते, जणू तो स्वतःच उगवतोय. या चुका ती घरी येताना मनात घोळवत आणी आणि जेवताना पुन्हा एकदा चाखे. पण फोटो स्वच्छ असत. छपाई झाल्यावरही नाकपुडीची कड दिसे. ते मात्र तिच्या घशाखाली उतरत नसे.

वाईट याचं की पोरगी वाईट नव्हती. "मावशी, पाणी आलंय, तुमची बादली लावू का?" असं विचारायची. एकदा म्हणाली, "मावशी, तुमचा डबा मी बघू का जरा? नको ते काढून टाकलं तर पळेल."

"माझ्या डब्यात नको ते काही नाही," दुफिये म्हणाली. "माणसं आहेत."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मास्तर ओपुनी गेले. चाळीस वर्षं चर्चची गायनमंडळी त्यांनी चालवली. दुफियेला सूर त्यांनी शिकवला, आणि तिला पहिली पुस्तिकाही त्यांनीच दिली, स्वतःच्या बायकोची. तेव्हा म्हणाले होते, "माझी वेळ येईल तेव्हाही तूच कर. फक्त माझ्या फोटोवर फुलं चिकटवू नकोस. मी काय ताट आहे?" ही गोष्ट तिने इतक्या लोकांना सांगितली होती की आता पुस्तिका दुसरीकडे गेली असती तर अख्ख्या चर्चला समजलं असतं की दुफियेचे दिवस भरले.

सातव्या दिवसाच्या बैठकीनंतर ओपुनींच्या घराण्याचे प्रमुख नाना अडोमाको तिच्या खुर्चीशेजारी येऊन बसले. पंचाहत्तरीचा माणूस, आवाज खालचा, पण एकदा बोलला की शब्द बदलत नसे.

"दुफिये, मास्तरांचा शब्द मला माहीत आहे."

"मग झालं, नाना."

"झालं नाही. गेल्या वर्षी माझ्या बहिणीची पुस्तिका तुझ्याकडे केली. एक फोटो इकडचा तिकडे करायला आम्ही दोन केळी भाजून खाल्ली. यावेळी मास्तरांच्या मुली आहेत. बिरागो सुनियानीहून येते, तिला संध्याकाळची गाडी असते. त्या म्हणतात, समोरची मुलगी बरी."

"समोरची मुलगी मास्तरांना ओळखत तरी होती का?"

"यंत्र ओळखतं का माणसाला?" नाना उठले. "गुरुवारी नऊ वाजता आम्ही येतो. तुझं यंत्र चाललं तर तुझ्याकडे बसू. नाही चाललं तर अंगण ओलांडायला किती पावलं लागतात?"

एकवीस. दुफियेने तीही मोजलेली होती.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने कंबर कसली. ती टायपिस्ट होती, मेकॅनिक नव्हती, पण वाचून रांगेने काम करायची सवय होती. चर्चच्या पोरांनी कधीतरी टाकलेले तीन खेळ होते, ते काढले. यंत्र उठताना त्याच्याबरोबर आपोआप उठणाऱ्या चौदा गोष्टींची यादी निघाली, त्यातल्या अकरा बंद केल्या. कचऱ्याची टोपली रिकामी केली. बटण दाबलं, घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं.

सोमवारी तिने अडुमहून बाहेरून जोडायची डिस्क आणली आणि मेलेल्या माणसांना तिच्यात हलवायला सुरुवात केली. एकदम सगळी निवडली तर यंत्र अडून बसायचं, म्हणून वर्षावर्षाने. एकेक वर्ष पलीकडे जाताना फोटो झरझर पडद्यावरून सरकत. बहुतेक चेहरे तिला नावानिशी आठवत होते. मंगळवारी दुपारी शेवटचं वर्ष गेलं. बटण दाबलं. सहा मिनिटं.

सहा मिनिटं चालली असती. खरं दुखणं दुसरंच होतं. सुरू झाल्यावर अर्धा तास यंत्र बऱ्यापैकी चाले, आणि मग त्याला धाप लागे. अक्षर टाइप केल्यावर मनात दोन आकडे मोजावे तेव्हा ते पडद्यावर उमटे. फोटो धरून ओढला तर तो मध्येच अडून बसे. डब्यातून घरघर येई. अर्ध्या तासात घराण्याची माणसं अजून कोणी कुठे बसायचं हेच ठरवत असतात.

मंगळवारी संध्याकाळी समोरून शिलाई मशीनचा आवाज आला. अन्सा काहीतरी शिवत होती आणि गुणगुणत होती. मास्तरांचंच भजन, आणि तेही एक सूर वर.

"आनंद झालाय बाईंना," दुफिये चुलीला म्हणाली.

बुधवारी सकाळी तिने खोळ धुवायला काढली.

या खोळीबद्दल सांगायला हवं. उत्तरेकडचा कोरडा वारा सुरू झाला की ताफोत सगळ्यावर लाल धूळ बसते. पांढरा शर्ट दुपारपर्यंत विटकरी होतो. कॉम्प्युटर आणला त्याच वर्षी दुफियेने त्याला खोळ शिवली. आईच्या अंत्यविधीच्या लाल-काळ्या कापडाचा उरलेला तुकडा, आतून अस्तर, खाली इलॅस्टिक, मागे वायरींसाठी चीर, पुढे बटणापुरतं काजाचं भोक. डबा कधीही उघडा दिसत नसे. काम करतानासुद्धा नाही, कारण धूळ काय काम थांबायची वाट बघते? चर्चच्या बायकांनी त्या खोळीचा नमुना टीव्हीसाठी मागून नेला होता. यंत्र जुनं आहे, पण बाई त्याला राजासारखं ठेवते, असं लोक म्हणत. गुरुवारी घराण्याची माणसं येणार तर खोळ स्वच्छ हवी, एवढाच विचार होता.

खोळ दोरीवर घातली आणि ती नमुन्याची पानं करायला बसली. साडेसातला बसली. आठ वाजले, साडेआठ, नऊ. यंत्राला धाप लागली नाही. दहापर्यंत मुखपृष्ठ आणि पाच पानं झाली. फोटो ओढला की येत होता. तिला वाटलं, चला, माणसं हलवली ते कारणी लागलं.

त्या वाऱ्यात कापड तासाभरात कडकडीत वाळतं. दहाला तिने खोळ आणून घातली, इलॅस्टिक नीट बसवलं. साडेदहा झाले आणि अक्षरं मागे पडू लागली.

दुफिये टायपिंग थांबवून बसून राहिली. मग उठली, डब्याच्या मागे हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. खोळ काढली. चहा केला, प्यायली. अक्षरं पुन्हा धावायला लागली. खोळ घातली, वीस मिनिटं थांबली. धाप. काढली.

तीनदा करून पाहिल्यावर शंका उरली नाही. चौदा वर्षं तिने त्या यंत्राचं तोंड दाबून त्याला पळ म्हणून सांगितलं होतं. डबा तापत होता आणि जळून जाऊ नये म्हणून स्वतःच हळू होत होता. आणि ती ऐटीत काज करत होती.

मागच्या जाळीला बोट लावलं तर ते आत रुतलं. अस्तराचे सुटे तंतू आणि चौदा वर्षांत चिरीतून शिरलेली धूळ मिळून तिथे नमद्यासारखा थर झाला होता. तिने वायरी काढल्या, प्रत्येकीला कुठे लावायची त्याची चिठ्ठी बांधली, डबा जुन्या कापडात गुंडाळला, चुंबळ केली आणि डबा डोक्यावर घेऊन निघाली. अन्साच्या खिडकीसमोरून जाताना मान इतकी ताठ ठेवली की डोक्यावर कसाव्याची टोपलीच आहे असं वाटावं.

कोपऱ्यावर अल्हसन पंक्चरवाल्याचं हवेचं मशीन होतं.

"आई, टायर कुठाय?" अल्हसनने विचारलं.

"हा आहे. धाप लागते त्याला."

त्याने कापड उघडून पाहिलं. "याचं पंक्चर मी काढत नाही."

"पंक्चर नको. हवा मार. मी झाकण काढते. पंख्याच्या पात्यात मी काडी धरते, म्हणजे पाती फिरणार नाहीत. आणि लांबून मार, ट्रकला मारतोस तशी नको."

अल्हसनने नळी धरली. डब्यातून असा लोट उठला की शेजारी मक्याचे केंके विकणाऱ्या बाईने आपल्या टोपलीवर पटकन फडकं ओढलं. "ए, तुझ्या डब्यात रस्ता भरलाय का?" ती ओरडली. लोट संपला तेव्हा अल्हसनच्या भुवया लाल झाल्या होत्या. आत हिरव्या पट्ट्या दिसत होत्या. त्या तशा असतात हे दुफियेने पहिल्यांदा पाहिलं.

परत येऊन चिठ्ठ्या वाचून वायरी लावल्या. बटण दाबलं. दोन मिनिटं दहा सेकंद. यंत्राची घरघर गेली होती. नुसता पंख्याचा श्वास ऐकू येत होता. तिने घडी केलेली खोळ कपाटात टाकली, आणि अन्साने पाहिलं का हे बघायला खिडकीशी गेली.

समोर अन्साच्या टेबलावर तिचा चपटा काळा डबा नव्याकोऱ्या खोळीत बसलेला होता. लाल-काळं कापड. खाली इलॅस्टिक. पुढे बटणापुरतं काज.

आधी एक विचार आला. फोटो घेतले, माणसं घेतली, मास्तरांचं भजन घेतलं, आता माझी खोळसुद्धा. काजाचे टाके तिने इथूनच ओळखले, तिच्यासारखेच, तिरके. मग हळूहळू दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याहून गोड होता. उद्या सकाळी मुलींनी हट्ट केलाच तर त्या टेबलापाशी आठ-दहा माणसं बसतील. यंत्र अर्धा तास पळेल.

अन्साने तिला पाहून हात केला. "मावशी, बघितलंत का? तुमच्याकडे पाहून केली. रागावला नाहीत ना?"

"रागावू कशाला?" दुफिये म्हणाली. "छान बसलीय."

त्या दिवशी तिने केळीबरोबर मासा केला आणि सबंध खाल्ला.

गुरुवारी घराण्याची माणसं नऊऐवजी आठला आली, आणि सरळ अन्साच्या खोलीत गेली. मास्तरांच्या मुलींनी तसं ठरवूनच आणलं होतं. नाना तेवढे दुफियेच्या दारात क्षणभर थांबले. "पोरींचा हट्ट. आधी तिकडे बसून बघू म्हणतात."

"बसा की. मी इथेच आहे."

ती दाराशी स्टूल टाकून भेंडी चिरायला बसली. यंत्र मागे चालू होतं, उघडं, गार. समोरचं सगळं ऐकू येत होतं. अन्साने मास्तरांचा फोटो लावला, कोट काळा केला, निळा केला, पुन्हा काळा केला. मुली हसल्या. दुफियेची सुरी भेंडीवर चालत होती आणि नजर घड्याळावर होती. आठ वीस. मग बिरागो, थोरली मुलगी, श्रद्धांजली सांगू लागली. तिने काही लिहून आणलं नव्हतं. ती बोलत होती आणि अन्सा टाइप करत होती. आवाज सुरुवातीला कोरडा होता. मग वडील तिला पहाटे उठवून बादली वाजवत ताल शिकवायचे त्याबद्दल ती बोलली, आईच्या दुखण्यात त्यांनी सहा महिने गाणं बंद ठेवलं त्याबद्दल बोलली. दुफियेची सुरी थांबली. बादलीची गोष्ट तिला माहीत नव्हती.

आठ पन्नासला अन्साचा आवाज आला. "एक मिनिट हं. जरा अडकलंय."

"अडकलंय म्हणजे?"

"येईल. नवीन आहे ना ते, कधीकधी... येईल."

नऊ वाजले. नऊ पाच. धाकटी मुलगी म्हणाली, "नवीन म्हणून इकडे आलो ना आपण?" कोणीतरी खुर्ची सरकवली. नानांचा खालचा आवाज आला : "उठा. अंगण ओलांडू."

एकवीस पावलं चालून आठ माणसं दुफियेच्या खोलीत आली. तिने हात पुसले, मुखपृष्ठ उघडलं. मास्तरांचा फोटो, फुलं नाहीत. धाकटीने "डावीकडे थोडं" म्हटलं आणि फोटो डावीकडे गेला. नानांनी भुवई वर केली. "हे काय झालं? केळी भाजायला वेळच नाही दिलास."

"यंत्राची तब्येत सुधारलीय, नाना."

हाच तो क्षण होता ज्याची तिने सहा महिने वाट पाहिली होती. तो सुमारे दहा मिनिटं टिकला.

मुलांच्या श्रद्धांजलीचं पान आलं. दुफियेने बिरागोकडे पाहून बोटं टेकवली. "सांग, बाळ."

"सांगितलं की."

"तिकडे सांगितलंस. इथे पुन्हा..."

"पुन्हा नाही." बिरागो भिंतीकडे बघत होती. "मावशी, ते एकदा निघालं तोंडातून. पुन्हा म्हणायला बसले तर ते खोटं होईल. तिच्याकडे आहे ना लिहिलेलं? ते आणा, नाहीतर माझ्या नावाचं पान कोरं ठेवा."

नाना म्हणाले, "मग बोलव तिला."

बोलवायची गरज नव्हती. अन्सा दारातच उभी होती, तोंड उतरलेलं. "मी ते साठवलं नव्हतं. त्या बोलत होत्या, मध्ये थांबवणं बरं दिसेना. आता यंत्र हलतच नाही. बंद करून सुरू केलं तर सगळं जाईल."

"मग बंद करू नकोस," धाकटी म्हणाली.

"मी नाही करणार. पण त्यातून कसलातरी वास येतोय."

खोलीत फक्त दुफियेला माहीत होतं की आता काय होणार. तापलेलं यंत्र आधी हळू होतं, आणि त्यानेही भागलं नाही तर जीव वाचवायला स्वतःच बंद पडतं. तिचं गेल्या उन्हाळ्यात दोनदा पडलं होतं. तेव्हा तिने वीज मंडळाला शिव्या घातल्या होत्या. पाच मिनिटं, फार तर दहा. ती काही न बोलता बसली असती तरी पुस्तिका तिच्याकडेच होती. एक पान कोरं गेलं असतं. लोकांनी विचारलं असतं, थोरल्या मुलीचं पान कोरं का, आणि उत्तर मिळालं असतं, समोरच्या पोरीने घालवलं. त्यानंतर समोर कोणी गेलं नसतं.

पण त्याच पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तिचं नाव असणार होतं. आणि बादली कुठेच नसणार होती.

"सरक," ती अन्साला म्हणाली.

एकवीस पावलं ती जवळजवळ धावली. अन्साच्या टेबलाशी जाऊन तिने इलॅस्टिकमध्ये बोटं घातली आणि खोळ एका ओढीत वर काढली. काळ्या डब्यातून इस्त्रीसारखी झळ आली. "तो पंखा आण. टेबलावरचा. लाव याच्या पाठीला. खिडकी उघड. हात लावू नकोस कशाला. माउस हलवू नकोस. उभी राहा."

दोघी उभ्या राहिल्या. पंखा फिरत होता. चार मिनिटांनी पडद्यावर खोळंबलेलं एक अक्षर उमटलं, मग एक शब्द, मग बिरागोच्या शेवटच्या दोन ओळी भराभर उतरल्या.

"आता साठव," दुफिये म्हणाली. "दोन ठिकाणी."

अन्साने साठवलं. मग तिने टेबलावर पडलेल्या खोळीकडे पाहिलं, आणि अंगणापलीकडे दुफियेच्या उघड्या डब्याकडे पाहिलं. तो तिथून स्वच्छ दिसत होता.

"मावशी, तुमची खोळ कुठाय?"

"कपाटात."

"कधीपासून?"

"कालपासून."

"म्हणजे काल मी खिडकीतून विचारलं तेव्हा..."

"तेव्हा माहीत होतं."

अन्साने खोळ उचलून तिची घडी केली. मग म्हणाली, "छान बसलीय म्हणालात."

"बसली छानच होती. टाके माझ्यापेक्षा बारीक होते." दुफियेने पेन ड्राइव्ह काढून हातात घेतला. "म्हणून तर बोलले नाही."

ती परत आली तेव्हा धाकटी मुलगी म्हणत होती, आता तिकडचं यंत्र चाललंय तर पुन्हा तिकडेच बसावं, रंग तिकडे जास्त चांगले दिसत होते. नाना म्हणाले, "आता उठबस पुरे. तिकडे अर्ध्या तासात तुम्ही बापाचा कोट तीनदा बदललात. दुफिये, पुढचं पान घे."

पुस्तिका बत्तीस पानांची झाली. फेब्रुवारीत, इकडच्या रीतीप्रमाणे महिन्याभराने, मास्तरांचा अंत्यविधी झाला तेव्हा मंडपात सातशे प्रती वाटल्या, आणि ऊन चढल्यावर सगळ्यांनी त्याच प्रतींनी वारा घेतला. बिरागोचं पान अकरावं होतं. शेवटच्या पानावर खाली मांडणीचं नाव होतं आणि त्याखाली आणखी एक ओळ : बिरागो यांचे शब्द टिपले – अन्सा. ती ओळ दुफियेने स्वतःच टाकली. कोणी सांगितलं नव्हतं. अक्षर मात्र आपल्या ओळीपेक्षा दोन आकड्यांनी लहान ठेवलं.

अन्साने मंडपात ती ओळ पाहिली. "मावशी, हे वाचायला चष्मा लागेल."

"लाव मग."

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं नाही आणि वाढलंही नाही. बादली अन्सा अजून लावते. चर्चमधलं कोणी गेलं तर घराण्याची माणसं अंगणात येऊन थोडा वेळ दोन्ही दारांकडे बघतात; कधी डावीकडे वळतात, कधी उजवीकडे. अन्साचं यंत्र दहा सेकंदांत उठतं. दुफियेचं दोन मिनिटं दहा सेकंदांत, आणि त्याच्या खाली ते आता येत नाही. तिने सगळं करून पाहिलं.

म्हणून ती हल्ली थोडी लवकर उठते. अन्साच्या दाराची कडी वाजण्याआधी तीन मिनिटं बटण दाबते आणि झाडू हातात घेते. अन्सा दार उघडते, पडदा सारते, आणि तिचं यंत्र सूर लावतं, तेव्हा दुफियेच्या पडद्यावर कोणाचातरी फोटो आधीच उघडलेला असतो.